कॅलेंडरवरच्या हिरव्या फुल्या

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिरव्या पेनाच्या फुल्या दिसायला लागल्या, तेव्हा आधी मला वाटलं नातीने गिरगटलं असेल. पण अडीच वर्षांची पोर चौकोनाच्या बरोबर उजव्या कोपऱ्यात एवढीशी, नीटस फुली कशी मारेल? तिच्या हाती पेन लागलं असतं तर अख्खा महिना हिरवा झाला असता. मुलगा कॅलेंडरकडे बघतच नाही, त्याला तारीख मोबाईल सांगतो. राहिली सून. आणि घरात हिरवं पेन एकच होतं, तिच्या पर्समध्ये.

फुलीचा अर्थ आमच्या घरात ठरलेला. कामवाली बाई आली नाही की त्या तारखेवर फुली, म्हणजे खाडा. ही पद्धत मीच घातलेली. पण बाईच्या फुल्या मी निळ्या पेनाने मारते, आणि या हिरव्या फुल्यांच्या दिवशी बाई तर आली होती. मग खाडे कुणाचे? घरात काम करणारी दुसरी बाई म्हणजे मी.

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच कबूल करते. चोवीस वर्षं मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर धान्य निवडलं. सुपातल्या प्रत्येक दाण्याला ‘तू कोण रे?’ म्हणून विचारायचं, हाच धंदा. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते गाळ्यावरच्या रद्दी पेपरांवरून, आणि छापलंय म्हणून खरं असेल असंही मला कधी वाटलं नाही. माझा मुलगा लहान होता तेव्हा त्याला पोत्यांच्या आड झोपवून मी निवडत बसायचे. त्याचं रांगणं, पहिलं पाऊल, सगळं माझ्या पाठीमागे झालं. पुढे आमचे हे गेले, मुलगा इंजिनियर झाला, खराडीत काचेच्या इमारती उठल्या, एकीत त्याला नोकरी लागली, दुसरीत सुनेला, आणि आम्ही मांजरीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. खाली ऊस, वर आम्ही. नात झाली तेव्हा मी सुनेला म्हटलं, “तू बिनघोर कामावर जा. पोरीला मी बघते.” मुलाचं बाळपण पाठमोरं गेलं होतं. हिचं मला समोरून बघायचं होतं.

आणि नेमकं तेव्हाच दुखणं लागलं. मान, खांदे, कंबर, मांड्या. कधी एकेक, कधी सगळे मिळून. संधिवात म्हणावा तर सांधे सुजत नव्हते. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळे रिपोर्ट नॉर्मल. हडपसरच्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच मुलाला सांगितलं, “वय झालंय, आणि थोडं मनाचंही असतं.”

मी म्हटलं, “डॉक्टर, मन खांद्यात असतं का?”

ते हसले. मुलगाही हसला. मी त्या हसण्याची नोंद घेतली.

त्यातून वाईट म्हणजे हे दुखणं रोज सारखं नव्हतं. रोज दुखलं असतं तर लोकांचा विश्वास तरी बसला असता. आठ-दहा दिवस बरे जायचे, आणि एका सकाळी ते उचल खायचं. मग ब्रशवर पेस्ट दाबता येऊ नये, निऱ्या घालताना डोळ्यांतून पाणी यावं. तीन-चार दिवस असे काढले की उतरायचं, जसं काही झालंच नव्हतं. तो उतरलेला दिवस तर आणखी अवघड. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. जिन्यात भेटल्या की माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे बघून म्हणायच्या, “काय हो, आज दुखण्याला सुट्टी वाटतं?”

“हो, आज बरंय जरा.”

“परवा म्हणे तांब्या उचलवत नव्हता. आज पिशवी उचलवली. छान आहे. आपल्याला निवडून निवडून दुखतं हो, आमचं मेलं सरसकट.”

त्यांना मी यार्डात निवडायला जायचे हे माहीत होतं की सहज बोलल्या, कोण जाणे. पण ते ऐकलं की मी घरात येऊन पदर खोचायचे. गोधड्या धुवायचे, माळा आवरायचे, खिडक्या पुसायचे. बघा म्हणावं, कामचुकार आहे का मी!

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र ऐकून घेतलं. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, लांबलचक होतं. म्हणाल्या, “आजी, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखत नाही असं नव्हे. हे जुनाट दुखणं आहे, राहणार. पण ते उगाच उठत नाही. केव्हा उठतं ते लिहून ठेवा.” गोळ्या दिल्या, रोज थोडं चाला म्हणाल्या.

मी लिहिलं. पण काय लिहिलं? आमच्या पिढीत अंग दुखलं की पहिला प्रश्न, ‘काल काय खाल्लंस?’ म्हणजे काहीतरी वातूळ पोटात गेलेलं असणारच. मी दुखऱ्या दिवसावर शिसपेन्सिलीने गोल करायचे आणि आत आरोपीचं अक्षर. वांगं असेल तर ‘वां’, दही असेल तर ‘द’. तीन महिन्यांत वांगी, पावटे, हरभऱ्याची डाळ, बटाटा, चिंच, केळं, एवढे सगळे घरातून हद्दपार. दृष्ट-बिष्ट आम्ही मानत नाही, नाहीतर तीही यादीत गेली असती. मुलगा एकदा ताटाकडे बघून म्हणाला, “आई, आता घरात फक्त मीठच निर्दोष राहिलंय ना?”

दुखणं मात्र यायचं तसं येत होतं.

मग तो दुधाचा प्रकार झाला. सकाळपासून खांद्यात कळ होती. नात पायाशी बसून वाट्यांवर वाट्या चढवत होती. मी गॅसवरून दुधाचं पातेलं सांडशीने उतरवलं आणि मनगटातून ताकद गेली. पातेलं खाली. दूध नातीच्या विरुद्ध बाजूला गेलं, हे माझं काही कर्तृत्व नाही. ते जिकडे जायचं तिकडे गेलं. पोर घाबरून रडली. तिला कडेवर घेता येईना, म्हणून मी फरशीवरच बसून तिला पोटाशी धरलं. मग फरशी पुसली, पातेलं घासलं, नवी पिशवी फोडून दूध तापवलं. आणि संध्याकाळी काही बोलले नाही.

का बोलले नाही? बोलले असते तर पोर माझ्याकडून गेली असती.

तिसऱ्या दिवशी सून ओट्याखाली वाकून बघत होती. फ्रीजच्या मागून मुंग्यांची रांग निघाली होती. तिने बोटाने काहीतरी खरवडलं, वास घेतला. “आई, इथे दूध सांडलं होतं का?”

“सांडलं असेल थोडं.”

“बरं,” ती म्हणाली. एवढंच. आणि त्यानंतर हिरव्या फुल्या सुरू झाल्या.

सुनेचं काम तुम्हाला सांगायला हवं. कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. लग्न ठरलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हटलं ही निवडणारीच आहे. आता तेच मला जड जाऊ लागलं. मी तिच्याकडे बघायचे, ती माझ्याकडे. मी आंघोळीला गेले की बाहेर ती बाईशी हळू आवाजात बोलायची, मी आले की दोघी गप्प.

मी बाईला कोपऱ्यात घेतलं. “काय विचारत होती गं ती?”

बाई मांजरी गावठाणातली. फरशी पुसता पुसता म्हणाली, “काय न्हाई काकू. तुमी दिवसभर काय काय करता, त्ये इचारत हुत्या.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“जे हाय त्येच सांगितलं.”

झालं की मग! माझ्यावर पहारा बसवला होता. मी रोज फुल्या मोजायला लागले. आणि एक गोष्ट लक्षात आली, जी पाहून मी आणखीच पेटले. हिरव्या फुल्या माझ्या दुखऱ्या दिवसांवर नव्हत्याच. ज्या दिवशी मी खडखडीत बरी होते, नेमक्या त्या दिवसांवर होत्या. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारातल्या खिरीचे तांदूळ मी एकटीने निवडून दिले आणि घरातल्या सगळ्या पांढऱ्या साड्या धुतल्या, त्या दिवशी फुली. गोधड्या धुतल्या, फुली. म्हणजे ती पुरावा गोळा करत होती. ‘बघा, या दिवशी किती धडधाकट होत्या, आणि दोन दिवसांनी लगेच दुखतंय म्हणे.’ समोरच्या मुख्याध्यापिका जिन्यात तोंडावर बोलायच्या ते हिने भिंतीवर लिहिलं होतं.

रविवारी मुलाने विषय काढला. मी पालेभाजी निवडत होते. “आई, आमच्या ऑफिसजवळ एक पाळणाघर सुरू झालंय. चांगलं आहे, स्वच्छ. आम्ही बघून आलो.”

“बघून आलात? मला न सांगता?”

“तुला त्रास नको म्हणून...”

“मला काय त्रास? मी तक्रार केली?”

“तक्रार नाही गं, पण तुझं दुखतं ना?”

“दुखतं यावर तुमचा विश्वास कधी बसला?” मी उठले, खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि सुनेपुढे आपटलं. “हे काय आहे? कामवाल्या बाईच्या रांगेत बसवलंस मला? सासूचे खाडे लिहितेस?”

ती दचकली. मग कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “आई, खाडे? अहो...”

“फुली म्हणजे खाडा. या घरात दुसरं काही नसतं.”

“मला सुचलं नाही हो. आमच्या ऑफिसात फुली म्हणजे जिथे शंका आहे ती जागा.”

“म्हणजे माझ्यावरच ना शंका?”

“तुमच्यावर नाही. त्या दिवसावर.” तिने खुर्ची ओढली. “दूध सांडलं ते तुम्ही लपवलंत. तेव्हा मला भीती वाटली, खोटं का सांगू. रागही आला. पण म्हटलं, दुखणं कशाने उठतं ते आधी कळू दे. तुम्ही दुखऱ्या दिवशी काय खाल्लं ते लिहिता. पण आई, आमच्या कामात चूक जिथे दिसते तिथे बहुतेक नसतेच. आज जे बंद पडतं, त्याची भानगड परवा झालेली असते. म्हणून मी तुमचे बरे दिवस बघायला लागले. बाईंना विचारून.”

“मला विचारायला काय झालं होतं?”

“तुम्ही सांगितलं असतंत?”

मी भाजी बाजूला सारली. “मग काय सापडलं?”

तिने बोट ठेवलं. हिरवी फुली, त्यानंतर एक चौकोन मोकळा, मग माझा पेन्सिलीचा गोल. गोधड्या, मग गोल. माळा, मग गोल. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी मी उभी होते, दुसऱ्या दिवशी गोल. “आई, तुम्हाला दुखऱ्या दिवसांनी नाही मारलं. तुम्ही बऱ्या दिवशी आठ दिवसांचं काम एकदम काढता. मग शरीर वसूल करतं.”

मुलगा म्हणाला, “वांगं सुटलं म्हणायचं का मग?”

“तू गप रे,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

तुम्हाला वाटेल मला लगेच पटलं. छे! मला वाटलं, हा पाळणाघराचाच डाव, फक्त गोड बोलून. मी म्हटलं, मी स्वतः पडताळून बघणार, एक महिना. पोर तोवर माझ्याकडेच. तिने अट घातली: गॅसजवळचं गरम काम दुपारी बाईने करायचं. मी कबूल केलं, मनातून नाही.

पहिले पंधरा दिवस मी सगळे आरोपी परत आणले. भरली वांगी केली, वाटीभर दही खाल्लं, पावट्याची उसळ खाल्ली. पण काम तुकड्यातुकड्याने केलं. अंग दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही. हे सांगायला सोपं आहे, जन्मभर कामावर गेलेल्या बाईला करायला महाकठीण. एक चादर धुवायची आणि दुसरी तशीच बादलीत सोडून उठायचं, म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटायचं. खुर्ची ओट्याजवळ ओढून बसून भाजी चिरायची. सकाळी उसाच्या कडेने नातीला घेऊन दहा मिनिटं चालायचं, जास्त नाही, कमी नाही. पंधरा दिवसांत एकदाच हलकी कळ आली, गरम पाण्याच्या पिशवीवर निघून गेली. वांग्याला मी निर्दोष सोडलं.

मग उलटी परीक्षा. एका शनिवारी, मुलगा-सून दोघं घरी असताना, फक्त मुगाची खिचडी खाल्ली आणि सगळ्या गोधड्या काढून धुतल्या. सून बाल्कनीच्या दारात उभी राहून बघत होती. थांबवलं नाही. रविवार बरा गेला. मला तर वाटलं, जिंकले. सोमवारी पहाटे मला कूस बदलता येईना.

पडल्या पडल्या मला दुखण्यापेक्षा राग जास्त आला. इतके महिने मी चुकीच्या सुपात बघत होते. आणि मला ढकलत कोण होतं? जिन्यातलं एक वाक्य. लोकांना माझा संशय येईल या भीतीने मी दर बऱ्या दिवशी साक्ष देत सुटले होते.

दार उघडून सून आत आली. “आज कसं?”

महिना ठरला तेव्हाच मुलाने सांगून ठेवलं होतं, त्रास असेल तेव्हा आठच्या आत सांगायचं, पोरीला पाळणाघरात सोडू, बरं वाटलं की परत तुझ्याकडे. तोवर माझा त्या बोलण्यावर विश्वास नव्हता. एकदा गेलेली पोर परत कोण आणतं? पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते पातेलं आलं. ते दूध जिकडे जायचं तिकडे गेलं होतं.

मी म्हटलं, “आज माझा खाडा.”

ती म्हणाली, “बरं.” आणि पोरीची पिशवी दारामागून काढली. ती आधीपासून भरलेली होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. नातीने जाताना हात हलवला. मी झोपूनच हलवला, बोटांनी.

त्या दिवशी घर अतिशय शांत होतं. बाई आली, तिने मला उठवून बसवलं, चहा दिला. मला तिचं मागच्या महिन्यातलं बोलणं आठवलं. तिने एक दिवस बुडवला होता आणि मी विचारलं होतं, “काल काय झालं होतं?”

“डोकं लय दुखत हुतं काकू.”

“आज थांबलं वाटतं बरोबर?”

“आज न्हाई दुखत. आता कालचं आज कसं दावू तुमाला?”

मी निळी फुली मारली होती. यार्डात आमचा मुकादम असाच विचारायचा. पोट दुखत होतं म्हटलं की पोटाकडे बघायचा. त्या बघण्याला मी चोवीस वर्षं शिव्या घातल्या, आणि घरी येऊन तेच बघणं दुसरीवर लावलं. हे मला मांजरीतल्या चौथ्या मजल्यावर, उशीला टेकून, कपभर चहाबरोबर कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी मी उठले. आठ वाजले. मी दारात खुर्ची टाकून बसले, मुद्दामच. मुलगा बूट घालत होता, सून चावी शोधत होती. पिशवी दारामागेच होती. कुणी तिला हात लावेना. मग सूनच नातीला माझ्या मांडीवर बसवून म्हणाली, “आजीला त्रास नाही द्यायचा,” आणि दोघं गेली. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज येईपर्यंत माझा विश्वास नव्हता.

कॅलेंडरजवळ गेले तर हिरवं पेन दोऱ्याने खिळ्याला टांगलेलं. म्हणजे हिरवी फुली आता माझा खाडा, आणि ती माझी मी मारायची. मी आदल्या तीन दिवसांवर मारल्या. दुखणं आजही आहे. उचल खातं तेव्हा खातंच, कधी थंडीने, कधी कशानेच नाही. पण आता मी त्याला बोलावून आणत नाही, आणि आलं की लपवत नाही. जिन्यात मुख्याध्यापिका भेटल्या तरी मी पिशवी जशी असेल तशी धरते.

त्यानंतर दोनच दिवसांनी बाई आली नाही. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. तिने चपला काढल्या आणि पदराला हात पुसत सुरुवात केली, “काकू, काल ना...”

“राहू दे,” मी म्हटलं. “झाडू हळू मार. पोर झोपलीय.”

विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे मात्र एकदा बघून घेतलं.